यंत्र आले, शिक्षकाच्या शिकण्याचे काय?

(शिक्षक व कार्यकर्ते यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शाळेत नवे यंत्र आले की गावात समारंभ होतो. नारळ फुटतो, फीत कापली जाते, लोकवर्गणी देणाऱ्यांची नावे फलकावर लागतात आणि छायाचित्र वर्तमानपत्रात येते. या उत्साहाची मी चेष्टा करणार नाही. गरीब शेतकऱ्याने मुलांच्या शाळेसाठी खिशातून पैसे काढावेत ही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु समारंभाच्या दुसऱ्या दिवशी त्या यंत्रासमोर वर्गशिक्षिका एकटी उभी असते आणि तिने आता नेमके काय करावे याचा विचार कोणी केलेला नसतो. आजच्या भाषणाचा विषय हा दुसरा दिवस आहे. वर्गात तंत्रसाधने वापरायची तर शिक्षकांचे स्वतःचे शिकणे कसे व्हावे, ते कोणाच्या वेळात व्हावे आणि त्याचा खर्च कोणी सोसावा?

मी अर्थशास्त्राचा अध्यापक होतो. शिक्षणशास्त्रातला अधिकार सांगण्यासाठी येथे उभा नाही. परंतु हा प्रश्न निम्मा अर्थशास्त्राचाच आहे. यंत्राची खरेदी हा भांडवली खर्च असतो. तो एकदा होतो, डोळ्यांना दिसतो, त्यात पुरवठादाराचा नफा असतो आणि पुढाऱ्याला उद्घाटन मिळते. शिक्षकाचे शिकणे हा आवर्ती खर्च आहे. तो दरवर्षी करावा लागतो, दिसत नाही आणि त्याची फीत कापता येत नाही. आपल्या अंदाजपत्रकांत पहिल्याला जागा मिळते आणि दुसऱ्याला उरलेसुरले मिळते, याचे कारण एवढे साधे आहे.

पन्नास वर्षांचा अनुभव

शिक्षक आणि यंत्र यांची गाठ मोबाइलमुळे पडली असे तरुण साथींना वाटत असेल, तर ते बरोबर नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात आपल्या देशात ‘साइट’ या नावाने ओळखला जाणारा उपग्रह-दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह त्यासाठी वर्षभर वापरायला मिळाला होता. आंध्र प्रदेश, कर्नाटक, ओरिसा, बिहार, मध्य प्रदेश व राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत संच बसवले गेले. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या तबकड्यांनी ते थेट उपग्रहाकडून कार्यक्रम घेत. ते आणीबाणीचे वर्ष होते आणि सरकारच्या हातात प्रचारमाध्यमे असली म्हणजे काय होते हे तुम्हांला सांगायला नको. पण त्या प्रयोगातील एक भाग आजही अभ्यासण्यासारखा आहे.

प्राथमिक शिक्षकांनी विज्ञान कसे शिकवावे यासाठी त्या वर्षात बारा-बारा दिवसांचे वर्ग दोन फेऱ्यांत घेण्यात आले आणि त्यांत मिळून सुमारे ४८ हजार शिक्षकांनी भाग घेतला. हे काम केवळ दूरचित्रवाणीवर सोपवलेले नव्हते. जोडीला आकाशवाणी होती, छापील साहित्य होते, हातांनी करून पाहायचे प्रयोग होते आणि स्थानिक मार्गदर्शकाबरोबर चर्चा होती. यंत्राने दाखवायचे, हातांनी करायचे आणि शंका माणसाला विचारायच्या, ही विभागणी ज्यांनी आखली त्यांना शिक्षण कशाशी खातात हे ठाऊक होते. वर्ष संपले, उपग्रह परत गेला आणि बारा दिवस शिकलेला शिक्षक आपल्या वर्गात पुन्हा एकटा पडला.

नंतर १९८४-८५ मध्ये ‘क्लास’ योजना आली आणि तिच्याबरोबर ब्रिटिश बनावटीचे बीबीसी मायक्रो संगणक शाळांत आले. संगणक हा वेगळ्या खोलीतला वेगळा विषय झाला. गणिताच्या वा भूगोलाच्या शिक्षकाच्या हातातले साधन तो झाला नाही. २००४ साली शिक्षणासाठी ‘एज्युसॅट’ हा स्वतंत्र उपग्रह सोडण्यात आला. महाराष्ट्रात २२ जून २०१५ च्या शासननिर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या आगेमागे लोकवर्गणीतून डिजिटल शाळांची लाट आली आणि ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा नवा शब्द मराठीत रूढ झाला. ५ सप्टेंबर २०१७ रोजी केंद्राचा ‘दीक्षा’ मंच आला. २१ ऑगस्ट २०१९ रोजी सुमारे ४२ लाख शिक्षकांना प्रशिक्षण देण्याचे उद्दिष्ट ठेवून ‘निष्ठा’ कार्यक्रम जाहीर झाला आणि करोनाकाळात, ऑक्टोबर २०२० पासून, तो त्या मंचावर गेला.

पन्नास वर्षांत यंत्र प्रत्येक वेळी बदलले. एक गोष्ट बदलली नाही. यंत्र वर्गात पोहोचले की योजना पूर्ण झाली असे धरले गेले. लॅरी क्यूबन यांनी १९८६ साली ‘टीचर्स अँड मशीन्स’ या ग्रंथात अमेरिकेतील शाळांचा १९२० पासूनचा असाच इतिहास मांडला होता. चित्रपट, रेडिओ, दूरचित्रवाणी, प्रत्येकाने क्रांतीचे आश्वासन दिले आणि प्रत्येक जण वर्गाच्या कडेला जाऊन बसला. तेव्हा हा दोष आपल्या मातीचा म्हणून कपाळाला हात लावण्याचे कारण नाही.

पूरक की पर्याय?

अर्थशास्त्रात आम्ही वस्तूंचे दोन संबंध शिकवतो. चहा आणि कॉफी हे एकमेकांचे पर्याय. चहा आणि साखर हे एकमेकांना पूरक. यंत्र हे शिक्षकाला पर्याय आहे की पूरक, हा या विषयातला कळीचा प्रश्न आहे आणि सुदैवाने त्याची परीक्षा आपल्याच शेजारी, गुजरातेत झालेली आहे.

ली लिंडेन या अर्थतज्ज्ञाने ज्ञानशाला या संस्थेच्या वर्गांत संगणकाधारित गणिताचा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. जेथे संगणकाचा तास शिक्षकाच्या तासाच्या जागी ठेवला, तेथे मुले मागे पडली. तोच कार्यक्रम जेथे शाळेच्या वेळेबाहेर, शिकवण्याच्या जोडीला दिला, तेथे मुलांना, विशेषतः मागे पडलेल्यांना, लाभ झाला. यंत्र तेच आणि कार्यक्रमही तोच, तरी फळ उलटे. बडोद्यात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांचे सहकारी यांनी ‘प्रथम’ संस्थेच्या सहकार्याने चौथीच्या मुलांवर केलेला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. तेथे आठवड्याला दोन तास संगणकावर गणिताचे खेळ दिले होते आणि गणितातील प्रगती ठसठशीत होती. उलट पेरू देशात ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या योजनेखाली यंत्रांचा पाऊस पाडला गेला. तेथील ३१९ शाळांच्या २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संगणकाचा वापर वाढलेला दिसला. भाषा व गणित यांत मात्र सुधारणा आढळली नाही.

यावरून यंत्र वाईट असे सिद्ध होत नाही. यंत्राची उपयुक्तता ते शिकवण्यात कोठे व कसे बसवले यावर ठरते, आणि बसवण्याचा हा निर्णय वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकावाचून दुसरे कोणी घेऊ शकत नाही, एवढे सिद्ध होते. म्हणून शिक्षकाचे शिकणे ही योजनेची शेपटी नसून तिचा कणा आहे.

गळका पाट

आता हे शिकणे आपण कसे घडवतो ते पाहा. राज्याच्या पातळीवर काही निवडक लोकांना शिकवायचे, त्यांनी जिल्ह्याला शिकवायचे, जिल्ह्याने तालुक्याला, तालुक्याने केंद्राला. कागदावर हा जलसिंचनाचा उत्तम आराखडा दिसतो. पण पाट गळका असतो. समजा, प्रत्येक टप्प्यावर चारांतले तीन भाग पुढे जातात, एक भाग गळतो. हा फार उदार अंदाज आहे. तरीही चार टप्प्यांनंतर शंभरातले एकतीस-बत्तीस भागच शेवटच्या शिक्षकापर्यंत पोहोचतात. गळतो तोही नेमका महत्त्वाचा भाग. कोणते बटण दाबायचे ते पोहोचते; केव्हा आणि कशासाठी दाबायचे ते वाटेत सांडते.

पडद्यावरील प्रशिक्षणाने ही गळती थांबेल असे सांगण्यात आले. पडद्याने संदेश जसाच्या तसा पोहोचवला हे खरे; पण प्रश्न विचारायला माणूस उरला नाही. चित्रफीत चालू ठेवायची, अखेरची प्रश्नावली सोडवायची आणि प्रमाणपत्र उतरवून घ्यायचे, असा परिपाठ कित्येक ठिकाणी पडला. दोष शिक्षकांचा नाही. ज्या व्यवस्थेत प्रमाणपत्रे मोजली जातात तेथे प्रमाणपत्रेच पिकतात.

शिकणे कसे असते?

एक साधे उदाहरण घेऊ. चंद्राच्या कला शिकवायच्या आहेत. डिजिटल वर्गात सात मिनिटांची सुंदर चित्रफीत आहे. शिक्षिका ती लावते, मुले तल्लीन होऊन पाहतात. अखेरीस ‘समजले का?’ असे विचारले की एका सुरात ‘हो’ येते. दोन दिवसांनी विचारा, अष्टमीला चंद्र अर्धा का दिसतो? बरीच मुले सांगतील, पृथ्वीची सावली पडते म्हणून. मोठी माणसेही हेच सांगतात. ही समजूत चुकीची आहे, ग्रहणाची आणि कलांची ती गल्लत आहे. पण ती इतकी चिवट असते की चित्रफितीखाली न दबता तशीच राहते.

शिकलेली शिक्षिका काय करील? ती आधी मुलांना विचारील आणि सावलीचे उत्तर फळ्यावर लिहून ठेवील. मग खोली अंधारी करून एक चेंडू आणि एक विजेरी घेईल. मुलांना चेंडूभोवती फिरवील आणि उजळलेला भाग कोठून किती दिसतो ते वहीत काढायला लावील. त्यानंतर चित्रफीत लावील, दुसऱ्या मिनिटाला थांबवील आणि विचारील, ‘पुढे काय दिसेल, सांगा.’ यंत्र तेच आहे. फरक आहे तो तीन गोष्टींच्या ज्ञानाचा: विषयाचे ज्ञान, मुलांच्या समजुतींचे ज्ञान आणि साधनाचे ज्ञान. या तिन्हींची वीण वर्गातच बसते. तालुक्याच्या सभागृहात दीडशे जणांसमोर चाललेल्या व्याख्यानात ती बसत नाही.

अमेरिकेतील ब्रूस जॉइस व बेव्हर्ली शॉवर्स हे १९८० पासून हेच मांडत आले. नुसते व्याख्यान आणि प्रात्यक्षिक यांतून शिक्षकाच्या रोजच्या अध्यापनात फारसे काही उतरत नाही; जेव्हा सहकारी वर्गात येऊन पाहतो, परत बोलतो आणि पुन्हा करून पाहायला लावतो तेव्हा ते उतरते. २०१७ साली लिंडा डार्लिंग-हॅमंड व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा पस्तीस अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा परिणामकारक प्रशिक्षणाची जी लक्षणे निघाली ती आपल्या शहाण्या हेडमास्तरांना ओळखीची वाटतील. शिकणे विषयाशी बांधलेले असावे, करून पाहण्याचे असावे, सहकाऱ्यांसोबत असावे, समोर चांगला नमुना असावा, जाणत्याची साथ असावी, आपल्या कामाकडे परत वळून पाहण्याची सोय असावी, आणि ते दीर्घकाळ चालावे. जपानातील शाळांत हे शंभराहून अधिक वर्षे घडत आले आहे. चार शिक्षक मिळून एक पाठ आखतात, एक जण शिकवतो, बाकीचे मुलांकडे पाहतात आणि मग बसून पाठ दुरुस्त करतात. त्याला पडदा लागत नाही. पण पडदा आला तर तोही या चर्चेत सहज सामावतो.

येथे कोणी रणजितसिंह डिसले यांचे नाव घेईल, आणि ते घ्यावेच. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या या जिल्हा परिषद शिक्षकाला २०२० सालचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर शिक्षकांना वाटून दिली. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणण्याची त्यांची कल्पना निघाली ती मुलांच्या गरजेतून. पुस्तकाची भाषा मुलांच्या घरची नव्हती. यंत्रापासून नव्हे, अडचणीपासून सुरुवात करावी, हा त्यातला धडा आहे. पण एका माणसाच्या प्रतिभेवर लाखो शिक्षकांचे धोरण उभारता येत नाही. वीरांची पूजा करून व्यवस्थेची जबाबदारी टाळणे ही आपल्याकडची जुनी खोड आहे.

वेळ कोणाचा?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान पन्नास तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असे म्हटले आहे. उद्दिष्ट चांगले आहे. पण हे तास येणार कोठून? रात्री स्वयंपाक आटोपल्यावर मोबाइलसमोर बसून? ते तसे येत असतील तर त्याला प्रशिक्षण म्हणू नये. ते बिनपगारी श्रम आहेत, आणि त्यांचा मोठा भार शिक्षिकांवर पडतो हेही मोकळेपणाने म्हटले पाहिजे.

वस्तुतः कायद्याने हा वेळ केव्हाच दिलेला आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याची अनुसूची काढून पाहा. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस व ८०० अध्यापनतास. सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १,००० तास. म्हणजे रोज चार ते साडेचार तास, सहा दिवसांच्या आठवड्यात चोवीस ते सत्तावीस. त्याच अनुसूचीत शिक्षकाचे आठवड्याचे किमान काम ४५ तास सांगितले आहे आणि त्यात पूर्वतयारीचा वेळ धरावा असे स्पष्ट म्हटले आहे. साधी वजाबाकी करा. शिकवण्याचे तास किमानाहून काही अधिक धरले तरी आठवड्याला दहा-पंधरा तास तयारीसाठी उरतात. मग ते जातात कोठे? माहिती भरण्यात, अहवालांत, सर्वेक्षणांत, छायाचित्रे अपलोड करण्यात. कायद्याच्या २७ व्या कलमाने जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामांना मनाई केलेली आहे. तरी कामे येतच राहतात. विनोद असा की, शिक्षकाचा वेळ वाचवण्यासाठी आलेले यंत्रच त्याचा वेळ सर्वांत अधिक खाते. शिकवण्यासाठी दिलेला मोबाइल हजेरीपुस्तक, तपासनीस आणि टपालपेटी झाला आहे.

म्हणून माझे म्हणणे एका वाक्यात असे आहे: शिक्षकाचे शिकणे हे त्याच्या कामाचा भाग आहे, म्हणून ते कामाच्या वेळात, शाळेच्या जवळ आणि शिक्षकांच्या स्वतःच्या ताब्यात झाले पाहिजे. आठवड्याला एक तास धरला तरी वर्षाच्या सुमारे चाळीस आठवड्यांत चाळीस तास होतात. उरलेले दहा मोठ्या शिबिरात भरून काढता येतील.

केरळचा दाखला

हे स्वप्नरंजन नाही. केरळात यू. आर. राव यांच्या अध्यक्षतेखालील कृतिदलाच्या अहवालानंतर २००१ साली ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ प्रकल्प सुरू झाला. आरंभीच तेथे वाद झाला तो एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या सॉफ्टवेअरवरून. शिक्षक संघटनांतून आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीतून त्याला विरोध झाला आणि पुढे शालेय संगणकशिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर आणले गेले. केवळ परवान्याचे पैसे वाचले एवढाच याचा अर्थ नाही. साधन आपले आहे, आपण ते उघडून पाहू शकतो, आपल्या भाषेत व आपल्या पुस्तकाला जुळेल असे करू शकतो, ही भावना शिक्षकांत आली. प्रशिक्षण देणारे बाहेरच्या कंत्राटदाराचे नोकर नव्हते. शाळांतून घेतलेले शिक्षकच होते. शाळेशाळेत एका शिक्षकाकडे या कामाचे संयोजन दिले गेले. २०१७ साली या प्रकल्पाचे रूपांतर ‘काइट’ या सरकारी कंपनीत झाले, २०१८ पासून आठवी ते बारावीच्या ४५,००० वर्गखोल्यांत साधने बसवली गेली आणि २०२४ साली सुमारे ८०,००० शिक्षकांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रशिक्षण हाती घेतले गेले.

केरळ म्हणजे स्वर्ग नव्हे. तीन दिवसांच्या वर्गाने कृत्रिम बुद्धिमत्ता कोणाला वश होत नाही, आणि तेथील साक्षरतेची व पंचायतींची परंपरा सर्वत्र नाही. पण क्रम ध्यानात घ्या. तेथे वर्गखोल्यांत मोठ्या प्रमाणावर यंत्रे येण्यापूर्वी शिकवणाऱ्यांची फळी सोळा-सतरा वर्षे घडत होती. आपण आधी यंत्र लावले आणि मग फळी शोधायला निघालो.

आपले काम

कार्यकर्त्यांनी काय करावे? संघर्ष आणि रचना या दोन्ही बाजूंनी काही गोष्टी सुचवतो.

पहिली, महाराष्ट्रात केंद्रशाळा आणि केंद्रप्रमुख यांची रचना तयार आहे. दरमहा केंद्राची शिक्षण परिषद भरवण्याची पद्धतही आहे. ती परिपत्रके वाचण्याची सभा झाली असेल तर तिला पुन्हा पाठाची सभा करावी. एका शिक्षकाने पाठ घ्यावा, बाकीच्यांनी मुलांकडे पाहावे आणि मग बोलावे. रिक्त पदे भरण्याची मागणी याच्याशी जोडलेली आहे.

दुसरी, यंत्रखरेदीच्या प्रत्येक प्रस्तावात शिक्षकांचे शिकणे आणि दुरुस्ती यांसाठी किमान तीन वर्षांची तरतूद असल्याशिवाय त्याला मान्यता देऊ नये, अशी मागणी जिल्हा परिषदांत आपल्या सदस्यांनी लावून धरावी.

तिसरी, शिक्षक संघटनांनी वेतन आणि बदल्या यांच्या बरोबरीने शिकण्याच्या वेळेचा हक्क मागावा. संघटना केवळ स्वतःसाठी भांडते हा आरोप खोडून काढण्याचा यापेक्षा चांगला मार्ग नाही.

चौथी, एकशिक्षकी शाळांचा विचार वेगळा करावा. २०२४-२५ च्या यू-डायस अहवालानुसार देशात अशा शाळा एक लाखाहून अधिक आहेत. तेथील शिक्षक केंद्रावर गेला की शाळेला कुलूप लागते. त्याला बदली शिक्षक मिळाल्याशिवाय शिकण्याचा हक्क हा कागदी हक्क राहील. आणि अशा शाळेत पडदा लावून दुसऱ्या शिक्षकाची नेमणूक टाळण्याचा प्रयत्न झाला, तर तो पर्यायाचा खेळ ओळखून त्याला तेथेच विरोध केला पाहिजे.

पाचवी गोष्ट गावातली. शाळा व्यवस्थापन समितीत पालकांचे बहुमत कायद्यानेच आहे आणि शाळेचा विकास आराखडा तीच करते. आपले कार्यकर्ते तेथे बसतात. आजवर आपण विचारत आलो, ‘शाळेत संगणक किती?’ यापुढे असे विचारू या: ‘या महिन्यात आपल्या शिक्षकांनी एकत्र बसून काय शिकले, आणि त्यासाठी आपण त्यांना किती वेळ मोकळा करून दिला?’ पहिल्या बैठकीत या प्रश्नाला उत्तर मिळणार नाही. दुसऱ्या बैठकीत तो पुन्हा विचारावा, आणि इतिवृत्तात नोंदवून घ्यावा.